वाचकांचे प्रश्न : वर्षाचं धान्य भरावं की महिन्याचा किराणा?

प्रश्न : आम्ही मंचरजवळ राहतो. सासूसासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं, अशी घरात सहा माणसं. मिस्टर चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये आहेत, मी इथेच नोकरी करते. दोघांचे मिळून महिन्याला ४६,००० येतात. शेत दोन एकर, त्यात बाजरी आणि कांदा. खाण्यापिण्यावरच २२,००० जातात. सासूबाई म्हणतात, पूर्वीसारखं उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरा, पैसे वाचतील. त्याला एकदम २५,००० लागतील. मिस्टर म्हणतात, सोनं तारण ठेवून भरू. करावं का? महिन्याचा हिशेब सोबत जोडला आहे.
– एक वाचक, ता. आंबेगाव

उत्तर : ताई, हिशेब जोडलात हे फार बरं केलंत. दहातली नऊ पत्रं 'पैसा पुरत नाही' एवढंच सांगतात, कुठे जातो ते सांगत नाहीत.

आधी एक धीराची गोष्ट. तुमच्या खर्चातला जवळजवळ निम्मा भाग खाण्यावर जातो, म्हणून तुम्ही उधळ्या ठरत नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातले सुमारे ४७ टक्के अन्नावरच गेलेले दिसतात. त्याच पाहणीतला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. एकूण खर्चात धान्याचा वाटा जेमतेम ५ टक्के आहे आणि तयार खाणं, पुड्यातलं खाणं, पेयं यांचा वाटा पावणेदहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे भाकरीपेक्षा पुड्यावर दुप्पट.

तुमच्या कागदावर हेच दिसतं. किराणा ७,२००, दूध ३,६००, भाजी-फळं ४,०००, अंडी-मटण २,०००. उरलेले ५,२०० 'बाहेरचं' या एका ओळीत आहेत, आणि त्या ओळीवर तुमच्या घरात कुणी भांडत नाही. भांडण गव्हावरून आहे. तेव्हा गव्हापासूनच सुरू करू.

घरची बाजरी धरून तुम्हाला वर्षाला साधारण दोन क्विंटल गहू लागेल. भाव मी उदाहरणासाठी धरतो. नवा गहू आल्यावर एप्रिलमध्ये ३२ रुपयांनी घेतला तर ६,४०० लागतील. महिन्याच्या महिन्याला घेतला आणि वर्षभरात सरासरी चार रुपये जादा पडले, तर फरक ८०० रुपयांचा. सहा-साडेसहा हजार गुंतवून ८०० सुटत असतील तर कुठल्याही ठेवीपेक्षा हे चांगलंच. सासूबाईंचं गणित चुकलेलं नाही.

पण कर्ज काढून ते जमत नाही. सोनेतारणाचं व्याज शेकडा १२ धरलं आणि २५,००० वर्षभर राहिले, तर व्याजच ३,०००. शिवाय त्या २५,००० मध्ये डाळीही आहेत, आणि डाळीचा भाव पुढे चढेलच असं नसतं. २०२४ च्या उन्हाळ्यात तूरडाळ किरकोळीत दीडशेच्या पुढे होती, वर्षभरात ती बरीच उतरली. त्या उन्हाळ्यात ज्यांनी वर्षाची डाळ भरली, त्यांनी घरात साठवला तो तोटा. गहू, तांदूळ भरा; डाळ दोन-तीन महिन्यांचीच घ्या. आणि घरची बाजरी खळ्यावरून विकून पुन्हा दुकानातून आणण्याचा प्रकार अनेक घरांत चालतो, तो तुमच्याकडे असेल तर आधी तो थांबवा.

साठवायचं तर नीट साठवा, नाहीतर वाचलेले ८०० पोरकिडे खातात. गव्हाला दोन-तीन कडक उन्हं द्या. दाणा दाताखाली 'कट्' असा फुटला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे. ऊन दिल्यावर धान्य गार होऊ द्या, मगच कोठीत भरा. कांद्यालाही एक नियम आहे. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळी कांदा हवेशीर जागी दिवाळीपर्यंत टिकतो, पावसाळी लाल कांदा टिकत नाही. घरचा उन्हाळी कांदा विकताना घरापुरता बाजूला काढलात तर भाजीच्या खर्चातली ती ओळ अर्धं वर्ष खोडता येते. तुमच्या भागातल्या सातगाव पठाराचा बटाटा मात्र पावसाळ्यातला असतो. स्वस्त मिळाला म्हणून गोणी आणून ठेवू नका, महिन्याभराचाच घ्या.

आता 'बाहेरचं'. तुमची फोड अशी : मिस्टरांचा ड्युटीवरचा चहा-नाश्ता १,५००, मुलांचे बिस्किट-फरसाणाचे पुडे १,२००, महिन्यातून दोनदा हायवेवरचं हॉटेल २,५००.

हॉटेल बंद करा असं मी म्हणणार नाही. आठवडाभर राबलेल्या माणसाला एक दिवस आयतं ताट मिळावं, यात गैर काही नाही. दोनदाऐवजी एकदा जा. दुसऱ्या रविवारी घरी मासवडी करा. तुम्ही हॉटेलात जाऊन मागवता तेही बहुतेक तेच असणार! बेसन, सुकं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, काळा मसाला धरून सहा जणांचं अडीचशे-तीनशेत भागतं. मेहनत आहे, हे खरं. ओल्या फडक्यावर बेसन थापून, सारण भरून वळकटी करायची आणि ती न फुटता वड्या पाडायच्या, हे एकट्या बाईवर टाकायचं काम नाही. मिस्टरांची दुसरी पाळी असेल तेव्हा सकाळ मोकळी असते. खोबरं किसायला आणि कांदे भाजायला कंपनीचं प्रशिक्षण लागत नाही.

रोजच्या दगदगीला माझा उपाय हुलगा आहे. तुम्ही दमून घरी येता, पोळ्या लाटायचं त्राण नसतं, आणि अशाच संध्याकाळी वडापाव येतो. त्या दिवशी शेंगोळी. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं, मीठ घालून घट्ट मळायचं, तेलाचा हात लावून बोटाएवढी वळायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. त्यातलंच चमचाभर पीठ पाण्यात कालवून ओतलं की रस्सा दाटतो. भाजी वेगळी नको, पोळी वेगळी नको. आठवड्यातून एक वार शेंगोळीचा, एक मोड आलेल्या मटकीचा आणि एक पिठलं-भाकरीचा ठरवून टाका. वार ठरला की बाजारातून काय आणायचं तेही ठरतं, आणि पिशवीत भलतं काही पडत नाही.

आणखी एक सवय बघा. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं २० किलोंचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं, तेव्हा आपल्याच जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतल्या बायका पावशेर टोमॅटो घेत होत्या. ज्यांच्या डब्यात चिंच, आमसूल होतं त्यांची आमटी अडली नाही. टोमॅटो पडल्या भावात असेल तेव्हा भरपूर खा. चढला की चिंचेकडे वळा.

आता बेरीज. एक हॉटेल कमी केलंत, तर मासवडीचा खर्च वजा जाता ९५०. मिस्टर घरून डबा आणि पोहे नेत असतील तर ८००. मुलांना पुड्यांऐवजी बहुतेक दिवस शेंगदाणा-गुळाचे लाडू दिलेत तर ७००. महिन्याला २,४५०, वर्षाला २९,४००. गव्हावर सुटत होते ८००. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हे पैसे बाजूला टाकलेत तर हातात ७,३५० येतात. एप्रिलमध्ये दोन क्विंटल गहू रोखीने येतो. सोनं कपाटातच राहू द्या.

प्रश्न : आमचं प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड आहे, माणसं पाच. दुकानदार कधी मशीन बंद म्हणतो, कधी माल आला नाही म्हणतो. मग ४० रुपयांनी तांदूळ विकत घ्यावा लागतो. काय करावं?
– एक वाचक, जुन्नरचा पश्चिम भाग

उत्तर : राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे तुम्हाला माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे २५ किलो धान्य मिळायला हवं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून ही योजना पाच वर्षांसाठी वाढवलेली आहे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो मिळतं. तुमच्या भावाने हे महिन्याला हजार रुपये झाले. इतके पैसे काटकसरीतून सहज सुटत नाहीत.

एक, तुम्ही त्याच दुकानाला बांधलेले नाही. कार्ड दुसऱ्या दुकानातही चालतं. दोन, घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालंय का ते बघा. तीन, धान्य घेताना मशीनची पावती मागा आणि तिच्यावरचे किलो मोजा. तरी नाही मिळालं तर १९६७ वर फोन करा आणि तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. हक्काचं धान्य मिळालंच नाही तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा, नुसती विनंती करू नका.

प्रश्न : हायवेवरच्या हॉटेलात २० रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचे ३० लावले, वर सर्व्हिस चार्जही. हे कायद्यात बसतं का?
– एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर : बाटलीचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. दुकानात, टपरीवर एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही. पण हॉटेलात बसवून, वाढून दिलेल्या बाटलीला ती मर्यादा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे. तो बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. बिलातून काढून टाका म्हणा. काढला नाही तर बिल जपून ठेवा आणि १९१५ वर तक्रार नोंदवा. पाण्याची बाटली घरून भरून न्या.