मुदतीचा ताप

आमच्या लहानपणी पोराला ताप आला आणि आठ दिवस हटला नाही, की आई म्हणायची, "मुदतीचा आहे. एकवीस दिवस घेणार." मग पोराला लंघन. पेजसुद्धा बेतानं. त्याच तापाला आज सगळे टायफॉइड म्हणतात. पुस्तकात विषमज्वर असे लिहितात.

हा ताप एका जंतूमुळे येतो. आजारी माणसाच्या शौचातून तो पाण्यात जातो. पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या पोटात जातो. ताप रोज थोडा थोडा चढतो. डोके व पोट दुखते, भूक मरते. औषध मिळाले नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडू शकते. तेव्हा मुदत संपायची वाट पाहत बसू नये. आणि पोराला उपाशी ठेवू नये. मऊ भात, वरण, खिचडी खुशाल द्यावी.

१९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाने टायफॉइड बरा होतो असे दिसले. दोन आठवडे गोळ्या घ्याव्या लागत. पण जंतूही हुशार. १९७२ साली केरळात कालिकतला या औषधाला न जुमानणारा टायफॉइड पसरला. १९९० च्या सुमारास आपल्या देशात तीन जुनी औषधे एकदम निकामी ठरू लागली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले. तेही पुढे बोथट झाले. आता डॉक्टर मुलांना बहुधा अझिथ्रोमायसिन तोंडाने देतात. आजार जास्त असला तर दवाखान्यात ठेवून सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शने देतात.

अझिथ्रोमायसिन थोडेच दिवस घ्यायचे असते. बहुतेक वेळा सात दिवस, दिवसातून एकदा. एवढ्यावर कसे भागते? टायफॉइडचा जंतू शरीरातल्या पेशींच्या आत दडून बसतो. हे औषधही पेशींत शिरते आणि शेवटच्या डोसानंतरही काही दिवस तिथे टिकते. मात्र थोडे दिवस म्हणजे अर्धे दिवस नव्हेत, बरं का.

माझ्या शाळेत चौथीत एक मुलगा होता. त्याला सात दिवसांचे औषध दिले होते. चौथ्या दिवशी ताप उतरला. वडील म्हणाले, "पोरगं हिंडायला लागलं, आता कशाला?" उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवल्या. पुढे धाकट्या बहिणीला खोकला झाला, तेव्हा त्यातली एक तिला दिली. दोन आठवड्यांनी मुलाचा ताप परत आला. या खेपेला पोट फुगले. रात्री जीपने कऱ्हाडला नेले. पोर वाचले, पण तिमाही परीक्षा बुडाली आणि बापाने म्हैस विकली. तो बाप अडाणी नव्हता. ताप गेला म्हणजे जंतू गेला, असे त्याला वाटले. मलाही तेव्हा तसेच वाटत होते.

याच्या उलटही होते. योग्य औषध सुरू झाले तरी ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी घाबरून डॉक्टर बदलू नये. पण पोट जोरात दुखले, शौचातून रक्त गेले किंवा मूल गुंगीत गेले, तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा. आणखी एक. पहिल्या गोळीआधीच रक्त तपासायला द्यावे. त्या रक्तातले जंतू वाढवून कोणते औषध चालेल ते पाहतात. त्याला कल्चर म्हणतात. आधीच गोळ्या खाल्ल्या तर जंतू सापडत नाही.

आपल्या मलकापुरात २००९ च्या सुमारास मीटर लावून चोवीस तास नळाचे पाणी सुरू झाले. लोकांना त्यात सोय दिसली. मला आणखी एक गोष्ट दिसते. नळ बंद असला की रिकामी पाइप फुटक्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढते. पाइप कायम भरलेली असली की घाण आत शिरत नाही. जिथे पाणी अजून तासभरच येते, तिथे ते उकळून प्यावे.

लसही आहे. २०१८ साली नवी मुंबईच्या महापालिकेने नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. एकच टोचणी. आपल्या मुलाला ती कधी द्यावी, हे पुढच्या खेपेला दवाखान्यात गेलात की विचारा.