वजनाची शस्त्रक्रिया आणि गुठळीचा महिना

‘ऑपरेशन झालं, वजन उतरलं, की रक्ताच्या गुठळ्यांची भीतीही जाईल ना?’ असं अनेक जण विचारतात. जाते, पण सावकाश. आधी महिनाभर ती वाढते.

लठ्ठ व्यक्तीला शिरेत गुठळी होण्याचा धोका मुळातच दुपटी-तिपटीने जास्त असतो. पोटाच्या दाबामुळे पायांतलं रक्त वर चढायला अडखळतं. शिवाय चरबीतून पीएआय-१ नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. ते गुठळी विरघळवण्याची शरीराची सोय अडवून धरतं. त्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरलेला आणि पाय खालच्या बाजूला, म्हणजे पायांतलं रक्त आणखी रेंगाळतं.

म्हणून रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देतात, पायांना दाब देणारे पट्टे बांधतात आणि त्याच दिवशी चालवतात. पण बहुतेक गुठळ्या होतात त्या डिस्चार्जनंतर, घरी. तिथे मायेची माणसं सांगतात, ‘पडून राहा, उठू नकोस.’ हे मात्र ऐकू नका. जागे असताना दर तासाला घरातल्या घरात फेरी मारा. पाणी घोटाघोटाने, पण दिवसभर प्या. पुण्या-मुंबईहून गावी गाडीने जाणार असाल, तर वाटेत उतरून चाला. इंजेक्शनचा कोर्स घरी सांगितला असेल, तर पोटावर निळे डाग पडले म्हणून तो सोडू नका. त्याऐवजी मनाने ॲस्पिरिन तर नकोच. जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर त्याने जठर-आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो.

एकाच पोटरीला सूज किंवा दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. स्लीव्ह म्हणजे जठर कापून अरुंद करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठ-पंधरा दिवसांनी पोटदुखी वाढत चालली, तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चावत बसू नका. क्वचित यकृताकडे जाणाऱ्या शिरेतही गुठळी होते.

हे वाचून शस्त्रक्रियाच नको, असं ठरवू नका. वजन उतरतं तसं पीएआय-१ही घटतं आणि पुढच्या वर्षांत गुठळीचा धोका कमी होत जातो.

तुम्हाला किंवा घरात कुणाला पूर्वी गुठळी झाली असेल, तर सर्जनला आधीच सांगा. बायकांनी गर्भनिरोधक गोळ्यांबरोबर सणासमारंभासाठी पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या गोळ्याही सांगाव्यात. त्या कुणी मोजतच नाही.