वचन उमगत जातं तेव्हा

१. एकटं वचन उचलू नये, अख्खा अध्याय वाचावा. आमच्या ख्रिस्ती घरांत भिंतीवर, लग्नपत्रिकेवर, दहावीच्या शुभेच्छापत्रावर यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन हमखास असतं. देवाच्या मनात आपलं हितच आहे, असं सांगणारं. पण ते लिहिलंय कुणाला? यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना. आदल्याच वचनात यिर्मया सांगतो की सुटका होईल, पण ७० वर्षांनी. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांची हाडं बाबेलातच राहणार होती. तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं लावा, आणि ज्या शहरात कैदी म्हणून नेलं त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा! एवढं वाचून मग ११व्या वचनाशी आलं की ते पिढ्यांचा धीर मागतं. दुखणं लांबलेल्या घरात ते असंच, मागच्या-पुढच्यासकट वाचून दाखवावं, असं माझं ठाम मत आहे.

२. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्याकडून शास्त्र शिकावं. आमच्या बुधवारच्या अभ्यासवर्गात मत्तयाचा २०वा अध्याय चालू होता. द्राक्षमळ्याचा धनी सकाळपासून मजूर बोलावतो, शेवटचे पाचच्या सुमारास घेतो, आणि सगळ्यांना सारखाच रोज देतो. आम्ही शिकलेली माणसं ‘हा न्याय कसा?’ यावर वाद घालत होतो. देवाची कृपा, यहुदी आणि विदेशी, असं बरंच काही बोलून झालं. कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. त्यांचं उभं आयुष्य मजूर अड्ड्यावर गेलेलं. त्या म्हणाल्या, “पाचपर्यंत उभं ऱ्हायलेल्या बाईच्या घरी बी पोरं जेवायचीच असत्यात ना! अर्ध्या रोजात अर्धीच पोरं जेवत्याल का?” खोली गप्प झाली. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, हे टिपेत आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. पण त्या मजुरीवर एक घर त्या रात्री जेवतं, हे आजींनी सांगितलं. तेव्हापासून हा दाखला वाचताना मला धन्याच्या औदार्याआधी संध्याकाळपर्यंत ताटकळलेला तो माणूस दिसतो. पाळकांचे उपदेश मी मनापासून ऐकतो, पण या दाखल्यापुरत्या माझ्या गुरू त्या आजीच.

३. बाप्तिस्मा झाला म्हणजे सगळं कळलं, असं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली. संस्कृतात पारंगत असलेली ही बाई! नव्या विश्वासणाऱ्याला सहा महिन्यांत ‘वाढ’ दाखवायला लावणाऱ्या मंडळ्यांनी हे जरूर वाचावं. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल १९२४ साली पुरं छापून निघालं, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्या शिकतच होत्या.

४. रडणारी स्तोत्रं टाळू नयेत. मयताच्या घरी आपण २३वं स्तोत्र वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण ८८वंही वाचावं. ते सुरू होतं ते देवाला हाक मारून आणि संपतं ते अंधारात. शेवटी समाधानाची एक ओळही नाही. तरुण मुलगा गेलेल्या एका आईनं ते ऐकून विचारलं होतं, “हे बायबलातच आहे?” मग ती पहिल्यांदा मोकळी रडली.

५. नारायण वामन टिळकांची गीतं पाठ करावीत. माझं अर्धं ईश्वरज्ञान ती गीतं असलेल्या ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतसंग्रहातून आलंय.

६. कळलं तेवढं आधी करावं. भावाशी बांधावरून अबोला असताना क्षमेवर कितीही टिपणं काढली, तरी मत्तयाचा १८वा अध्याय बंदच राहतो. बांधावर जाऊन बोलणं झालं की पुढचं आपोआप वाचता येतं.

७. प्रश्न घेऊन देवासमोर बसता यावं. ईयोबानं इतकं विचारलं; ३८व्या अध्यायात देव बोलतो, तर तोही प्रश्नच विचारतो. दुःखाचं कारण शेवटपर्यंत सांगत नाही, तरी ईयोबाला तो भेटलेला असतो. हे मला अजून पुरतं उमगलेलं नाही. बुधवारच्या वर्गात सध्या तोच ग्रंथ घेतलाय आणि आजी पहिल्या रांगेत बसतात.