डबा घ्यायच्या आधी

अव माय, भागीदारीत का होईना, मुंबईत शिडाची होडी घेतलीस! अमरावतीला आईला धडकी भरलीय, मला मात्र हेवा वाटला. आता तुझं रडगाणं. गेल्या ऑक्टोबरात नवाकोरा रंग दिला आणि मे महिन्यात होडी बाहेर काढली तर तळाचे पापुद्रे सुटलेले, वर बार्नेकलची दाटी.

आपण काटेपूर्णा-अप्पर वर्ध्याच्या गोड्या पाण्याची माणसं. तिथं बुडाला धरलं तर शेवाळ, ब्रशनं निघतं. समुद्रात बार्नेकलचं पिल्लू डोक्याकडून चिकटतं, भोवती चुन्याचं घर बांधतं आणि खरवडलं तरी त्याचं बूड राहतं. म्हणून अँटीफाउलिंग. हळूहळू पाझरणारं तांब्याचं विष आहे ते, दुसरं काही नाही.

पापुद्र्यांचा दोष बहुतेक वेळा डब्यात नसतो, खालच्या थरात असतो. जुन्या मालकाला विचारलंस का, आधीचा रंग कडक जातीचा होता की झिजणारा? झिजणाऱ्या मऊ रंगावर कडक रंग ठरत नाही. खालचा सुटला की वरचाही पापडासारखा निघतो. मालक सांगत नसेल तर हातभर जागा ओल्या पॉलिश पेपरनं घास, एकेक थर दिसेल. कोरडं घासू नकोस, ती धूळ विषारी असते. शंका राहिलीच तर मधे जोड-प्राइमर दे, नाहीतर सगळं उतरव.

आता बार्नेकल. तुझी होडी हंगामभर नांगरावर उभी, चालते फक्त रविवारी. झिजणारा रंग पाणी घासून गेलं तरच नवं तांबं वर आणतो, उभ्या होडीवर त्याचा जोर कमी पडतो. तू काय लावलंस ते पाहा. कडक रंग असेल तर पावसाळाभर हवेत राहून वरचं तांबं निकामी होतं. झिजणारे बरेचसे हवेत टिकतात, सगळे नाहीत. रंग दिल्यावर किती दिवसांत पाण्यात उतरवायची तेही डब्यावर छापलेलं असतं. दुकानदार म्हणेल, ‘मॅडम, हा सगळ्याला चालतो.’ चालत नाही. पाण्याच्या रेघेवर, सुकाणूवर आणि कीलच्या पुढच्या कडेला एक कोट जास्त दे. जस्ताच्या अ‍ॅनोडला ब्रशही लावू नकोस, तो रंगवला की काम करत नाही.

मोठ्यांनाही हे चुकत नाही बरं. 2022 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, जिथं आपला अभिलाष टॉमी दुसरा आला, बार्नेकलपायी गाय वेट्स या स्पर्धकाला केपटाउनला होडी पाण्याबाहेर काढावी लागली आणि तो मुख्य शर्यतीतून उतरला.

कुणी ‘जुना कथिलाचा रंग आहे, जबर चालतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हण. त्यानं शिंपल्यांची कवचं बिघडली, गोगलगाईंच्या माद्यांना नराचे अवयव फुटले. 2008 पासून जगभर बंदी आहे.

आणि मास्क. 2017 साली यवतमाळात कपाशीच्या फवारणीनं माणसं गेली, ते तू विसरली नसशील. हातमोजे, चष्मा, मास्क, आणि घासलेलं पाणी खाडीत न सोडता ताडपत्रीवर धर.

खरवडलेल्या तुकड्याचा फोटो पाठव, बाजूला रुपयाचं नाणं ठेवून. त्याआधी डबा घेऊ नकोस.