जन्मतारखेची नोंद व ग्रामपंचायतीचा जन्मदाखला

कोणत्याही जुन्या प्राथमिक शाळेची जनरल नोंदवही उघडून जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट खाली आणले, तर पानामागून पान 1 जून ही तारीख आढळते. याचे कारण शिक्षकवर्गास सांगावयास नको. जूनमध्ये शाळा उघडे, पालक मुलाचा हात धरून येई, त्यास तारीख सांगता येत नसे, आणि गुरुजी मुलाच्या चणीकडे पाहून वर्षाचा अंदाज करीत व तारीख आपल्या लेखणीने देत. त्यात कोणाचे अहित करण्याचा हेतू नव्हता. मूल शाळेत यावे, एवढीच तळमळ त्यामागे होती.

परंतु त्या एका ओळीचा हिशेब पुढे आयुष्यभर चालतो. राज्य शासनाच्या अथवा जिल्हा परिषदेच्या सेवेत असलेला जो कर्मचारी कागदोपत्री 1 जूनला जन्मला, तो नियमानुसार 31 मे रोजी सेवानिवृत्त होतो. तो प्रत्यक्षात त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जन्मला असेल, तर सहा महिन्यांच्या वेतनास मुकतो. 31 मे रोजी होणाऱ्या निरोपसमारंभांत शिक्षकांचीच संख्या मोठी असते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

नोकरीतील नुकसान एक वेळ सोसता येईल. याहून गंभीर गोष्ट मुलींच्या बाबतीत घडते. उदाहरणादाखल अशी मुलगी डोळ्यांसमोर आणावी की, जिला पहिलीच्या वयास काही महिने कमी पडत होते. थोरल्या बहिणीबरोबर तीही येऊ लागली, पटही भरत होता, म्हणून तिचे वय दीड वर्षाने वाढवून नोंदविले गेले. पुढे ती बारावीत गेली आणि घरी लग्नाची बोलणी सुरू झाली. खरे वय साडेसोळा, शाळेच्या दाखल्यावर मात्र अठरा पूर्ण. बालविवाह प्रतिबंधक अधिनियम, 2006 प्रमाणे मुलीचे विवाहाचे वय 18 वर्षे आहे. लग्न थांबविण्यास आलेल्यांपुढे पालक शाळेचाच दाखला ठेवतात. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 94 मध्ये वय ठरविण्याचा जो क्रम दिला आहे, त्यात शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र प्रथम येते. ते नसेल तरच ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला पाहिला जातो, आणि तोही नसेल तर वैद्यकीय तपासणी. म्हणजे ज्या लेखणीने त्या मुलीला शाळेचे दार उघडून दिले, तिनेच तिचे संरक्षण काढून घेतले. शिक्षकाच्या नोंदीला कायद्याने दिलेले हे वजन ध्यानात घेतले, म्हणजे ती नोंद अंदाजाने का करू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

खरी तारीख बहुधा कोठेतरी लिहिलेली असते. ती शोधण्याची वाट पालकास दाखविणे, हे प्रवेशाच्या कामाचेच अंग होय.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 नुसार प्रत्येक जन्माची नोंद करणे बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्रातील ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच त्या कामाचा निबंधक असतो. जन्म झाल्यापासून 21 दिवसांच्या आत खबर द्यावयाची असते. दवाखान्यात जन्म झाला असल्यास ती जबाबदारी तेथील प्रभारी अधिकाऱ्याची, घरी झाला असल्यास कुटुंबप्रमुखाची. मुदतीत खबर देणाऱ्यास दाखल्याची पहिली प्रत विनामूल्य मिळते. पुढे केव्हाही अल्प शुल्क भरून नोंदीचा शोध घेता येतो व दाखला मागता येतो.

येथे पालकांची जी चूक वरचेवर होते, ती शिक्षकाने आधीच ओळखावी. बाप आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत जातो, ग्रामसेवक नोंदवही चाळतो आणि नोंद नाही म्हणून सांगतो. बाप परत येतो आणि शाळेत म्हणतो, “गुरुजी, आमच्या पोराची नोंदच नाही.” नोंद असते, पण ती येथे नसते. जन्माची नोंद राहत्या गावी होत नाही, जेथे जन्म झाला तेथे होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडील रीत. तेव्हा नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत, आणि प्रसूती तालुक्याच्या दवाखान्यात झाली असेल तर तेथील नगरपालिकेत किंवा नगरपंचायतीत सापडते. ऊसतोडणीस गेलेल्या कुटुंबाचे मूल फडावर किंवा कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात जन्मले असेल, तर शोध त्या गावी घ्यावा लागतो. ते गाव कर्नाटकातले असले तर दाखलाही तेथलाच येईल. त्यावरील इंग्रजी मजकुरावरून तारीख वाचता येते. रुग्णवाहिकेत वाटेतच जन्म झाला, तर वाहन प्रथम जेथे थांबले तेथे नोंद करावी, असा नियम आहे. म्हणून पालकास विचारावयाचा पहिला प्रश्न “जन्म केव्हा झाला” हा नसून “बाळंतपण कोठे झाले” हा होय, आणि तो शक्यतो आईला किंवा आजीला विचारावा. बापाला पुष्कळदा वर्षही धड आठवत नाही.

केव्हा झाले, हेही आईच नेमके सांगते. फक्त ती इंग्रजी महिन्याच्या भाषेत सांगत नाही.

“ताई, मुलगी कधीची?”

“टाळेबंदी लागली बघा गुरुजी, त्याच पाडव्याला. बाहेर गाडी मिळंना, घरातच मोकळी झाले.”

या उत्तरात सर्व काही आले आहे. 2020 चा गुढीपाडवा 25 मार्च रोजी होता व देशव्यापी टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. त्या सुमारास जन्मलेली मुले 2026 च्या जूनमध्ये पहिलीच्या वयाची होतात. भाऊबीज, पोळा, गावची जत्रा, कोल्हापूर-सांगलीकडे 2019 च्या ऑगस्टमधील महापूर, अशा खुणांवरून त्या वर्षीचे पंचांग किंवा दिनदर्शिका पाहून तारीख काढता येते. मात्र अशी काढलेली तारीख नोंद शोधण्यासाठी वापरावयाची आहे, थेट जनरल नोंदवहीत उतरविण्यासाठी नव्हे. ग्रामसेवकाला वर्ष, महिना, जन्माचे ठिकाण व आईचे संपूर्ण नाव दिले, म्हणजे त्याचे काम सोपे होते. आईचे माहेरचे नावही सांगून ठेवावे. माहेरी खबर देणाऱ्याने तेच लिहून दिलेले असण्याचा संभव असतो.

बाळाच्या नावाने मात्र शोध घेऊ नये. दवाखान्यातून खबर जाते ती बारशाच्या आधी, त्यामुळे पुष्कळ नोंदींत नावाची जागा रिकामीच असते. असा दाखला पालक आणतात व तो निरुपयोगी समजतात. वास्तविक कायद्यात त्याची सोय आहे. नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पहिलीत येणारे मूल या मुदतीत सहज बसते. दाखल्यावर नाव चढवून घ्यावे आणि मगच शाळेत लिहावे, हा क्रम पाळला म्हणजे दाखल्यावर एक आणि शाळेत दुसरे असा घोळ होत नाही. नाव घालताना घरातले लाडके नाव, बाळू किंवा छकुली, कागदावर जाऊ नये, एवढी सूचना पालकास जरूर द्यावी. 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम शासनाने ठरविला आहे. ती मुले शाळेत येतील तेव्हा शिक्षकास याची आठवण ठेवावी लागेल.

अर्ज ग्रामपंचायतीत किंवा तेथील आपले सरकार सेवा केंद्रात देता येतो. पोच घेण्यास पालक संकोचतात. ती घेतलीच पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली विहित मुदतीत सेवा मिळाली नाही तर वरिष्ठांकडे अपील करता येते, आणि त्या वेळी पोच हाच आधार असतो. निरक्षर पालकाचा अर्ज शिक्षकाने लिहून दिला तर त्यात दहा मिनिटे जातात, पण पालकाची एक मजुरी वाचते.

शोध घेऊनही नोंद निघाली नाही, तर ती नसल्याचे प्रमाणपत्र निबंधकाकडून मागावे. विलंबाने नोंद करण्याच्या पायऱ्या कायद्याने ठरविल्या आहेत. 21 दिवसांनंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क. 30 दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची किंवा नेमून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. आणि एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश. हा आदेश पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी देत. 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी तो देतात. या कामासाठी पालक शाळेकडे दाखला मागावयास येतात, आणि येथे एक चमत्कारिक वर्तुळ तयार होण्याचा धोका आहे. शाळेने पालकाच्या सांगण्यावरून तारीख लिहिली. त्या दाखल्याच्या आधारे जन्माची नोंद झाली. आणि त्या नोंदीचा दाखला शाळेच्या तारखेचा पुरावा म्हणून परत शाळेत आला. कागद तीन झाले, आधार मात्र एकच, तोही तोंडी. म्हणून जनरल नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात तारखेचा आधार प्रथमपासून लिहावा. जन्मदाखल्यावरून लिहिली असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक व नोंदणी करणाऱ्या कार्यालयाचे नाव. पालकाच्या निवेदनावरून लिहिली असेल तर तसे स्पष्ट शब्दांत.

याचा अर्थ जन्मदाखला आणल्याशिवाय मुलाला वर्गात बसू द्यावयाचे नाही, असा कोणी करू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 14 प्रमाणे वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्यातील किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतील नोंद, अंगणवाडीतील नोंद आणि शेवटी पालकाचे घोषणापत्र, हे मार्ग नियमांनी मोकळे ठेवले आहेत. यांतील अंगणवाडीची नोंदवही गावातच असते आणि मूल तान्हे असताना लिहिलेली असते, म्हणून तिचा विश्वास अधिक. 1 ऑक्टोबर 2023 रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांसाठी मात्र शाळाप्रवेशासह अनेक कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरविण्यात आला आहे. त्यांपैकी ज्यांच्या नोंदी राहिल्या आहेत, त्यांच्या पालकांना पटनोंदणीच्या फेरीतच गाठले, तर प्रवेशाच्या दिवशी धावपळ उरणार नाही.

दाखला हाती आला की तो नीट वाचावा. दवाखान्याने दिलेला बाळाच्या पावलांचे ठसे असलेला रंगीत कागद म्हणजे जन्मदाखला नव्हे; निबंधकाची सही व शिक्का, किंवा संगणकीय दाखल्यावर त्याची इलेक्ट्रॉनिक सही, असलीच पाहिजे. दाखल्यावर तीन तारखा असतात : जन्माची, नोंदणीची आणि दाखला दिल्याची. घाईत नोंदणीची तारीख जन्मतारीख म्हणून उतरविली जाण्याचे प्रकार घडतात, आणि विलंबाने झालेल्या नोंदीत हा फरक वर्षांचाही असू शकतो. तारीख अंकी लिहून लगेच अक्षरी लिहावी, पालकास वाचून दाखवावी व नंतरच त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. मूळ दाखला परत करून छायाप्रत प्रवेश अर्जास जोडावी.

लिहिण्यात चूक झालीच, तर खाडाखोड करू नये किंवा पांढरा रंग लावू नये. मूळ अक्षरे वाचता येतील अशी एक आडवी रेघ मारून, सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीचा क्रमांक व दिनांक शेऱ्यात नमूद करून मुख्याध्यापकाने सही करावी. ही दुरुस्ती मूल शाळेत शिकत असेपर्यंत सुकर असते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला, की तीच तारीख बदलून घेण्यासाठी पालकास शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत, आणि कित्येकदा न्यायालयापर्यंतही जावे लागते. यास्तव चौथी किंवा सातवी संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या तारखा दाखले लिहिण्यापूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्येच, जन्मदाखल्यांशी ताडून पाहाव्यात, आणि ज्यांच्यापुढे 1 जून लिहिलेले दिसेल त्यांच्या आईला निरोप धाडावा.