पायाची हाक वेळीच ऐकू या



आमच्या बँकेत पेन्शनसाठी येणारे एक वृद्ध उपासक बसथांब्यापासून बँकेपर्यंत येताना दोनदा वाटेत थांबत. चालताना पोटरीत गोळा येतो, जरा उभे राहिले की जातो, असे ते सांगत. घरच्यांनी आणि आम्हीही "वय झाले" म्हणून विषय सोडून दिला. पुढे अंगठ्याची जखम चिघळली, अंगठा काळा पडला आणि अखेर पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यांचा पाय जे सांगत होता ते आपण ऐकले नाही, ही खंत या लेखामागे आहे.

हृदयाकडून शरीरभर रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी म्हणतात. पायांच्या रोहिणींत चरबीचे थर साचले की त्या अरुंद होतात. बसलेले असताना स्नायूंना थोडे रक्त पुरते. चालताना जास्त लागते. ते न मिळाल्याने पोटरी, मांडी किंवा कुल्ला दुखतो. थांबल्यावर काही मिनिटांत दुखणे जाते आणि पुन्हा चालले की येते. ही या विकाराची मुख्य खूण होय.

इतर लक्षणे अशी :

१) एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागणे.
२) पायावरील केस झडणे, कातडी तुकतुकीत होणे, नखे जाड होणे.
३) बोटांवरील किंवा टाचेवरील जखम न भरणे.
४) रात्री पाऊल दुखणे आणि पाय खाटेखाली सोडल्यावर बरे वाटणे.

पाय एकाएकी गार, पांढरा व बधिर पडला तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्तीच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. म्हणून दुखत नाही याचा अर्थ पाय निरोगी आहे, असा नव्हे.

धोका कोणाला? तंबाखू सेवन करणारे, मधुमेही, उच्च रक्तदाब व वाढलेले कोलेस्टेरॉल असलेले, तसेच वयस्क यांना अधिक. तंबाखूमुळे ऐन तरुणांनाही रोहिणी बंद पडण्याचा बर्जर रोग होतो. डॉ. लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. त्यात तंबाखू कायमची सोडणे हाच मुख्य उपाय आहे. पंचशीलातील पाचवे शील घेऊन मद्य सोडणारे आपले अनेक बांधव विडी, मिसरी, गुटख्याला मात्र सूट देतात. ही सूट पायाच्या मोलाने पडते.

तपासणी सोपी आहे. डॉक्टर पावलाची नाडी पाहतात, घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. हे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले तर विकार असल्याचे समजतात. पायाच्या रोहिणी अरुंद झाल्या असतील तर हृदयाच्या व मेंदूच्याही झालेल्या असू शकतात. तेव्हा औषधे, साखरेवर नियंत्रण आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित चालणे आवश्यक ठरते. गार पाय शेकू नये, कुरूप ब्लेडने कापू नये, अनवाणी फिरू नये.

तथागतांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. आपण घरातील वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. आज वंदना झाल्यावर ते पाय दिव्याच्या उजेडात नीट पाहू या.

जयभीम!