एक शब्द, अर्थ अनेक

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव हे तालुक्याचे गाव आहे. तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. भोवतालच्या काळ्या जमिनीत कपाशी व तूर पिकते. या भागात कोलाम लोकांच्या लहान लहान वस्त्या आहेत. अशा वस्तीला 'पोड' म्हणतात. कोलामांची भाषा कोलामी. ती तेलुगू, कन्नड, तमिळ यांच्या द्राविडी कुळातील आहे. म्हणून पोडावरच्या मुलाला मराठी बहुधा नव्याने शिकावी लागते.

असाच एक मुलगा राळेगावच्या शाळेत आला. तो बोले थोडे, परंतु ऐके फार. एके दिवशी मधल्या सुटीत पायरीला अडखळून तो पडला. अंगठ्यातून रक्त आले. गुरुजी लगबगीने जवळ आले व म्हणाले, "लागलं का रे, बाळ?"

मुलगा गोंधळला. 'भूक लागली', 'तहान लागली' एवढेच त्याने आजवर ऐकले होते. गुरुजी भुकेविषयीच विचारीत आहेत असे वाटून तो म्हणाला, "नाही गुरुजी, भाकर खाल्ली."

मुले खो खो हसू लागली. त्याचे तोंड एवढेसे झाले. गुरुजींनी जखम धुऊन पट्टी बांधली. पण त्या दिवशी तो पुन्हा एक शब्दही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची जागा रिकामी होती. गुरुजींनी फळ्यावर एकच शब्द लिहिला : 'लागणे'. मग ते म्हणाले, "काल ज्यांना हसू आले, त्यांनी याचा अर्थ सांगावा."

एक मुलगा म्हणाला, "इजा होणे. पायाला दगड लागला."

"मग 'आंबा गोड लागतो' यात कोणाला इजा झाली?" गुरुजींनी विचारले.

मुले विचारात पडली. मग एकेक वाक्य पुढे येऊ लागले. कपाशीला बोंडे लागली. गंजीला आग लागली. विहिरीला पाणी लागले. वाटेत नदी लागते. पेरणीला बी लागते. तो माझा मामा लागतो. परीक्षेचा निकाल लागला. फळा भरला, तरी वाक्ये संपेनात.

गुरुजी म्हणाले, "संस्कृतात 'लग्' असा धातू आहे. चिकटणे, जोडले जाणे हा त्याचा मूळ अर्थ. 'लग्न' हा शब्दही त्याच धातूचा. बोंड झाडाला जोडलेले असते, मामा नात्याने जोडलेला असतो. मूळ अर्थ असा दूरवर पसरला. म्हणून या क्रियापदाचा अर्थ एकट्याने कळत नाही. शेजारचे शब्द पाहावे लागतात. 'पाऊस पडू लागला' म्हणजे पडण्यास आरंभ झाला. 'पावसात जावे लागले' म्हणजे जाणे भाग पडले. 'पडू'च्या शेजारी आरंभ, 'जावे'च्या शेजारी सक्ती! येथे 'लागणे' दुसऱ्या क्रियापदाला साहाय्य करते. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १८३१ साली मराठीचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. असे शब्द समजून घेण्यास त्यांनाही वर्षानुवर्षे खपावे लागले. मग एका लहान मुलाची चूक झाली, तर नवल काय?"

वर्ग शांत झाला.

सायंकाळी गुरुजी दोन मुलांना घेऊन पोडावर गेले. चालून चालून मुलांना तहान लागली होती. त्या मुलाच्या आईने त्यांच्याकडे पाहून काही विचारले. त्यात 'ईर' असा शब्द होता. मुलांना काहीच उमगले नाही; ती नुसतीच उभी राहिली. तेव्हा तो मुलगा हसला, घरात गेला आणि तांब्या घेऊन आला. "ईर म्हणजे पाणी," तो म्हणाला.

"कन्नडात 'नीरु' म्हणतात," गुरुजी म्हणाले. "पाहा, आज अडखळण्याची पाळी तुमची होती; आणि कोणी हसले नाही."

दोन्ही मुलांनी माना खाली घातल्या. काल सर्वांत मोठ्याने हसलेला मुलगा पुढे होऊन म्हणाला, "उद्या येशील ना? तू माझ्याशेजारी बस."

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला. फळ्यावर कोपऱ्यात थोडी जागा उरली होती. गुरुजींनी खडू त्याच्या हाती दिला. त्याने सावकाश लिहिले : 'परवा मला लागले होते. आज बरे वाटते.'

स्वाध्याय

१. मुलाने गुरुजींच्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर का दिले?

२. 'आज अडखळण्याची पाळी तुमची होती' असे गुरुजी का म्हणाले?

३. पुढील वाक्यांत 'लागणे' या क्रियापदाचा अर्थ सांगा :
(अ) बाळाला झोप लागली. (आ) शेतकऱ्याला पहाटे उठावे लागते. (इ) वारा वाहू लागला. (ई) कवितेचा अर्थ लागला.

४. 'बसणे' व 'येणे' ही क्रियापदे निरनिराळ्या अर्थांनी वापरून प्रत्येकी चार वाक्ये लिहा.

५. तुमच्या वर्गात कोणाच्या घरी दुसरी भाषा बोलतात का? त्या भाषेतील पाच शब्द विचारून घ्या व अर्थांसह वहीत लिहा.